माळकऱ्याची रापण

रजा मी टाकली, बुकिंग मी केलं आणि गाडीही मीच चालवणार होते. आमच्या ह्यांना फक्त बाजूच्या सीटवर बसायचं होतं, आणि तेवढ्यालाही ते तयार नव्हते.

"समुद्रावर जाऊन काय बघायचं? पाणीच ना?" हे म्हणाले. "आपल्या दारात इंद्रायणी हाय की."

"त्या पाण्यात शेवटचा पाय कधी घातला होता तुम्ही?" मी विचारलं.

नदीवर फेस तरंगायला लागल्यापासून ते घाटाकडे फिरकत नव्हते. मी त्यांच्या गप्प बसण्यालाच होकार समजले आणि बॅगा भरल्या.

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. वर्ष संपताना आमच्याकडे आठवडाभर मशिनं बंद असतात, तेव्हा सुट्टी मिळते. दरवर्षी ती सुट्टी माळे झाडण्यात आणि लग्नांना हजेरी लावण्यात जायची. पण ह्या सहलीच्या आदल्या उन्हाळ्यात मी पोहायला शिकले होते. पन्नाशी उलटल्यावर, निगडीच्या तलावात, बायकांच्या बॅचला. तलावाची लांबी न थांबता पार केली त्या दिवशी मी पाण्यातून वर आले आणि मनाशी ठरवलं, आता समुद्र. मुलगा-सून हिंजवडीला राहतात. सून म्हणाली, "आई, तारकर्लीला जा. पाणी काचेसारखं असतं." मी फोन लावला आणि खोली घेऊन टाकली.

ह्यांच्याबद्दल सांगायचं तर हे चऱ्होलीचे. घरात चार पिढ्यांची शेती. आता त्या शेतावर आमचीच सोसायटी उभी आहे. ज्या वावरात हे कांदा लावायचे त्याच्यावर सातव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. जमिनीचा व्यवहार रीतसर झाला, कुणी फसवलं नाही, कशाची कमी राहिली नाही. फक्त ह्यांचं काम गेलं. तरीही पहाटे उठायची सवय गेली नाही. उठायचे, आंघोळ करून गळ्यातल्या माळेला हात लावायचे, पांढरी टोपी घालायचे आणि खाली गेटजवळच्या बाकावर जाऊन बसायचे. माझी कंपनीची बस निघायची तेव्हाही तिथंच, संध्याकाळी परत यायची तेव्हाही तिथंच. तक्रार एका शब्दाची नाही. मला त्याचाच जास्त राग यायचा.

तर निघालो. कोल्हापूरपर्यंत रस्ता सरळ होता, पुढं फोंडा घाट लागला. ह्यांनी दारावरचं हँडल घट्ट धरलं.

"हळू."

"हळूच चालवतेय."

"लय वळणं हायती."

"वळणं मी नाही केलेली," मी म्हटलं, आणि पुढच्या ट्रकला हॉर्न देऊन सावकाश ओलांडून गेले. ऊन कलतं व्हायच्या आत आम्ही तारकर्लीत होतो.

माडांच्या सावलीत दोन खोल्या, पुढं सारवलेलं खळं, म्हणजे त्यांचं अंगण, आणि खळ्याच्या पलीकडं सुरूच्या झाडांतून समुद्राचा आवाज. घरमालकीण माझ्याच वयाची असेल. तिनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "खंयसून इलात?"

"चऱ्होली. आळंदीजवळ," मी सांगितलं.

"मगे जेवणाक काय करू? सुरमई आसा, बांगडे आसत."

"मी माळकरी हाय," हे एकदम म्हणाले. जणू कुणी त्यांच्या ताटात मासा वाढलाच होता.

"बरां. तुमका उसळ नि सोलकढी करतंय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "आणि ताई तुमका?"

"मलाही तेच," मी म्हटलं.

खरं तर मला बांगडा हवा होता. मी संत तुकाराम नगरात वाढले. वडील कंपनीत, शेजारी रत्नागिरीकडचे. त्यांच्या घरातून आठवड्याला झाकलेली ताटली आमच्याकडे यायची, आणि माझी आई तसाच मसाला घरी करायला शिकली होती. लग्न माळकऱ्याच्या घरात झालं आणि मासे माहेरी राहिले. कुणी मनाई केली नव्हती. ते घर तसं होतं, आणि मी त्या घरची झाले.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. वाळू इतकी बारीक की पाय टाकला की कुईं असा आवाज यायचा. बोटाएवढे पांढरे खेकडे बिळातून बाहेर येऊन वाळूच्या गोळ्या मांडत होते, आणि लाट आली की सगळं पुसून जायचं. मी चपला हातात घेतल्या, ओढणी कमरेला बांधली आणि कमरेएवढ्या पाण्यात गेले. तलावातलं पाणी आपल्याला झेलतं. हे पाणी ढकलतं, ओढतं, पुन्हा उचलतं. पहिल्या दोन-तीन लाटांत नाकातोंडात खारट पाणी गेलं. मग लाट कधी येते ते कळायला लागलं आणि मी तिच्यावर आडवी झाले. पाठीखाली समुद्र, वर तांबडं आभाळ.

"लांब जाऊ नको!" हे कोरड्या वाळूत बूट घालून उभे होते.

"तुम्ही या की घोट्यापर्यंत."

"बूट भिजतील."

"काढा मग."

त्यांनी बूट काढले नाहीत. थोडा वेळ उभे राहिले आणि खोलीत जाऊन बातम्या लावून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिन बघायला होडी जाणार होती. मी आदल्या संध्याकाळीच दोन जागा सांगून ठेवल्या होत्या. उठून पाहते तर हे अंथरुणात नव्हते. खळ्यात नव्हते. घरमालकीण म्हणाली, "पहाटेच गेले, किनाऱ्याक." फोन उशाशीच पडला होता. मला वाटलं, इथंही एखादा बाक सापडला असेल. वाट पाहत बसायला मी एवढा घाट उतरून आले नव्हते. मी एकटीच होडीसाठी देवबागला गेले.

होडीत माझ्याशिवाय एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून आम्ही बाहेर पडलो. नदीचं पाणी हिरवट, समुद्राचं निळं, आणि दोन्ही मिळतात तिथं एक वेडीवाकडी रेघ दिसते. ती ओलांडताना होडी चांगलीच उसळली. नवरीनं नवऱ्याचा दंड पकडला, मी फळी पकडली. बरंच पुढं गेल्यावर होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आता बोलू नका."

आधी काहीच नव्हतं. मग डाव्या हाताला एक काळी पाठ वर आली, चकाकली, आणि आत गेली. पुन्हा एक. मग दोन जोडीनं, एक मोठी, एक लहान, अगदी एका दमात वर आणि एका दमात खाली. त्यांचा श्वास ऐकू येत होता, फूऽ करून, दमलेल्या माणसानं सोडावा तसा. मोबाइल काढायचा राहूनच गेला. एकटी आले म्हणून वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. मला छान वाटत होतं.

परत आल्यावर मी किनाऱ्यानं चालत खोलीकडे निघाले. लांब वाळूवर माणसांच्या दोन रांगा दिसल्या. समुद्रातून येणारे दोन जाड दोर धरून ते मागं मागं चालत होते. जवळ गेले तशी त्यातल्या एका रांगेत पांढरी टोपी दिसली.

पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अंगात नुसतं बनियन, पाय अनवाणी, टाचा वाळूत रोवलेल्या. आमचे हे दोर ओढत होते.

"अहो!"

त्यांनी मान वळवली. चेहरा घामानं निथळत होता. इतका उजळ चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"थांब, मधी बोलू नको," ते म्हणाले. "लय राह्यलं न्हाई आता. जाळं जवळ आलंय."

त्यांच्या पुढं एक वाकलेला, काळाभोर म्हातारा होता. तो त्या रापणीचा म्होरक्या. तोच सगळ्यांना हाळी देत होता. मला नंतर कळलं ते असं: हे पहाटे किनाऱ्यानं चालत होते. होडी जाळं टाकत टाकत मोठा वळसा घालून किनाऱ्याला आली, जाळ्याचे दोन दोर दोन टोकांना दिले गेले, आणि माणसं ओढायला लागली. ह्याला रापण म्हणतात. हे उभे राहून बघत होते. म्हातारा म्हणाला, "बघताव काय, धरा." ह्यांनी बूट काढले आणि दोर धरला.

"अहो, पण मासे आहेत त्यात," मी हळूच म्हटलं. "तुम्ही माळकरी."

"मी वडतोय. खात न्हाई," हे म्हणाले. "वडायला काय हरकत हाय?"

म्हातारा मागं न बघताच हसला. "वडा, वडा. माळ भिजूची नाय."

"लहानपणी आमच्या हिरीवर मोट व्हती," हे मला सांगायला लागले, दर दोन शब्दांनंतर एक ओढ. "तिचा नाडा असाच जाड. बैल थकलं, की बाप म्हणायचा, धर. मी आन् थोरला धरायचो. हाताला सगळं आठवतंय बघ."

मी चपला वाळूत टाकल्या आणि त्यांच्या मागं दोर धरला. ओला, खरखरीत, मनगटाएवढा जाड दोर. हातानं ओढून चालत नाही, सगळं अंग मागं टाकावं लागतं. मागं चालत चालत रांगेचं शेवटचं माणूस सुरूच्या झाडांपर्यंत पोचलं, की दोर सोडून पाण्याच्या कडेला जातं आणि पुन्हा पुढून धरतं. तसे आम्ही दोघं कितीदा गेलो-आलो कोण जाणे. बोलायचं भानच नव्हतं. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडं सरकत होत्या. वर घारी फिरायला लागल्या, वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन आल्या, आणि म्हाताऱ्याची हाळी चढत गेली.

मग जाळ्याचं पोट वाळूवर आलं. नुसती चांदी फडफडत होती. तारल्या सगळ्यात जास्त, त्यात बांगडे, चपटी मांदेली, एक-दोन खेकडे, आणि काचेच्या लगद्यासारखं काहीतरी, ज्याला हात लावू नका म्हणून सगळे ओरडले. एक मासा फुगून चेंडूसारखा गोल झाला होता. तो म्हाताऱ्यानं उचलून परत पाण्यात फेकला. हे जाळ्याशी वाकून उभे होते. कांद्याची पहिली पाटी भरल्यावर उभे राहायचे तसे.

वाटे पडले. दोर धरलेल्या प्रत्येकाला वाटा, असा तिथला रिवाज. म्हाताऱ्यानं एका पिशवीत बांगडे घालून ह्यांच्यापुढं धरले.

"मला नको, मी खात न्हाई."

"खाऊ नकात. पण वाटो तुमचोच. वाटो सोडूचो नाय."

ह्यांनी पिशवी घेतली. अंगापासून लांब, हात ताणून धरलेली. आणि तशीच ती धरून ते खोलीपर्यंत चालत आले. तळहाताला फोड आले होते. एक फुटलाही होता. मी बघायला गेले तर त्यांनी मूठ मिटली. "काय न्हाई व्हत," म्हणाले. स्वर मात्र मिरवायचा होता.

घरमालकीण खळ्यात तांदूळ निवडत होती. ह्यांनी पिशवी तिच्यापुढं ठेवली.

"हे हिला तळून द्या," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मला?"

"मग कुणाला? तू खातीस की."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे?" हे पायांवर पाणी घेत म्हणाले. "माहेरासनं आलीस की दोन दिवस हाताला वास असायचा. साबण लावून लावून धुवायचीस. मी काय बोललो का कधी?"

एवढी वर्षं मी जो वास लपवत आले तो त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होता. हसू आलं, आणि डोळेही भरून आले. घरमालकीण मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली, पण तिचे खांदे हसत होते.

दुपारी आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो. ह्यांच्या ताटात काळ्या वाटाण्याची उसळ, माझ्या ताटात रव्यात तळलेला बांगडा, तेलाचा चर्र आवाज अजून न निवलेला. पहिला घास घेताना मी जरा बिचकले. हे आपलं ताट बघत जेवत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काटा बघून खा."

मी दोन बांगडे खाल्ले.

त्यानंतरच्या दिवसांत ह्यांचं वेळापत्रकच ठरलं. पहाटे रापणीवर. मी उठून त्यांना चहा घेऊन किनाऱ्यावर जायची. एकदा जाळ्यात जवळजवळ काहीच आलं नाही, थोड्या तारल्या आणि पालापाचोळा. मला वाटलं, हे हिरमुसतील. पण हे आणि म्हातारा जाळं झटकत बसले होते आणि ह्यांनी त्याला गारपिटीत गेलेल्या एका हंगामाची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्यानं नुसतं "व्हय" म्हटलं. तो शब्द दोघांचा एकच निघाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी समुद्राच्या तळाशी जाणार होते. मालवणच्या किल्ल्याजवळ पाठीवर हवेची टाकी लावून खाली नेतात. आत जाण्याआधी कागदावर सही घेतली, आणि शिकवणाऱ्यानं विचारलं, "काकू, तुमचं वय...?"

"पोहता येतं मला," मी म्हटलं.

ह्या वेळी हे होडीत आले. काठाला धरून बसले. मी तो काळा, घट्ट पोशाख घातल्यावर त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वळखू येत न्हाईस." शिकवणाऱ्यानं खुणा समजावल्या. खाली बोलता येत नाही. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचा. अंगठा वर म्हणजे वर न्या. मी मान डोलावली.

खाली जाताना आधी कानात दडा बसला. नाक दाबून जोर लावला तसा तो सुटला, आणि मग नुसता माझाच श्वास, आत आणि बाहेर. खालच्या खडकांवर पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे घोळक्यानं फिरत होते. त्यांना माझी काही पर्वा नव्हती. खडकावरची प्रवाळं कोबीच्या गड्ड्यासारखी, काही हाताच्या बोटांसारखी. एक निळा मासा माझ्या डोळ्यांवरच्या काचेपर्यंत आला, बघितलं, आणि निघून गेला. शिकवणाऱ्यानं खुणेनं विचारलं, कसं काय? मी इतकी खूश होते की त्याला भला थोरला अंगठा दाखवला, कंपनीत माल पास झाल्यावर दाखवतो तसा.

त्यानं मला धरलं आणि सरळ वर घेऊन आला.

डोकं बाहेर काढलं तर होडीत हे उभे. होडी डुलतेय आणि हे दोन्ही हात पसरून तोल सावरतायत. "काय झालं? काय झालं गं?"

तोंडातली नळी काढून मी ओरडले, "काही नाही झालं! मी छान म्हणत होते!"

शिकवणारा पाण्यात पाठीवर पडून हसला. ह्यांनी मोठा श्वास सोडला आणि खाली बसले. "मग जा की परत," म्हणाले. "नीट बघून ये सगळं. मी बसलोय हितं."

मी परत गेले, आणि ह्या खेपेला गोल करून दाखवला. वर आल्यावर त्यांनी एकेक विचारून घेतलं. मासा केवढा होता, रंग कसला, खाली उजेड किती, थंडी वाजली का. मी सांगत गेले आणि ते किल्ल्याच्या तटाकडे बघत ऐकत राहिले.

घरी आल्यावर बाकावर बसणं आपोआप कमी झालं. ह्यांच्या चुलतभावाची नदीच्या अंगाला एक पट्टी अजून शिल्लक आहे, बिल्डरच्या नकाशात न बसलेली, तिरकी. हे तिथं जायला लागले. आधी बघायला, मग फावडं घेऊन. संक्रांतीनंतर त्यात कांद्याची रोपं लागली. संध्याकाळी मी बसमधून उतरले की हे गेटवर नसायचे. मागून मातीच्या पायांनी यायचे आणि लिफ्टमधली माणसं जरा बाजूला सरकायची.

उन्हाळ्यात कांदा निघाला. ह्यांनी एक पोतं मालवणला जाणाऱ्या बसमध्ये टाकलं. अर्धं घरमालकिणीला, अर्धं त्या रापणीच्या म्हाताऱ्याला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, कांदे पावले. बरे आसत. किती दिवस टिकतले?"

मी काही बोलायच्या आत ह्यांनी फोन ओढून घेतला. "गरवा हाय, लय टिकंल. पण पोत्यात ठेवू नका. पसरून ठेवा, वारं लागलं पायजे. पार गणपतीपत्तर हालणार न्हाई."

"मगे गणपतीक येवा," ती म्हणाली. "काय भाजी करतंय ती बघूक."

"येतो," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.